आधी वजन उतरवा

स्टीलची बादली होती, काठोकाठ भरलेली. पंधरा लिटरची, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन १५ किलो. पुण्यातल्या एका जिमच्या वरच्या मजल्यावर, रविवारी सकाळी सात वाजता, ती फरशीवर मधोमध ठेवली होती आणि तिच्याभोवती एकवीस जण रिंगण करून उभे होते. सगळे ट्रेनर व्हायला आलेले. पोरांचे दंड टी-शर्टच्या बाहीत मावत नव्हते. मुली पाच, त्यातली एक मल्लखांब खेळणारी, एक फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला. शिकवणारे सर पन्नाशीचे, काटक. रस्त्यात भेटले तर माणूस त्यांना गणिताचे मास्तर समजेल. त्यांनी एका पैलवानी बांध्याच्या मुलाला पुढे बोलावलं.

"ही उचल आणि त्या टेबलावर ठेव."

मुलगा वाकला, एका हिसक्यात बादली उचलली, ठेवली. थोडं पाणी सांडलं, हशा झाला.

"काय चुकलं?" सरांनी विचारलं. चहूबाजूंनी उत्तरं आली. पाठ गोल झाली. गुडघे वाकवले नाहीत. बादली अंगापासून लांब होती. कोअर टाइट नव्हता. ('कोअर' हा शब्द त्या वर्गात दर दोन मिनिटांनी निघायचा.) सरांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे. पण उचल म्हणण्याआधी मी त्याला काही विचारलं का?"

कुणी बोलेना. शेवटी मुलगाच म्हणाला, "सर, दोन वर्षांपूर्वी माझी डिस्क सरकली होती. कमरेची."

"म्हणजे चुकलं माझं," असं म्हणून सर फळ्याकडे वळले.

मी कोपऱ्यात वही घेऊन बसलो होतो. चोपन्नाव्या वर्षी ट्रेनर व्हायची हौस मला नव्हती. तिथे जाऊन बसण्यामागे माझ्या स्वतःच्या कमरेचा इतिहास होता. डॉक्टरांनी 'थोडा व्यायाम करा' म्हटलं म्हणून घराजवळच्या एका जिमचे वर्षाचे पैसे मी एकरकमी भरले. पहिल्याच दिवशी पंचविशीतल्या एका गोड मुलानं माझ्या हातात डेडलिफ्टचा बार दिला. "अजून दोन, सर! मस्त! अजून दोन!" मला वाटलं, आपण खरंच मस्त करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधता येईना. पुढचे तीन आठवडे बायको मोजे चढवून देत होती. त्या मुलावर माझा राग नाही. त्यानं मला काही विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला पंधरा दिवस 'फ्लोअर'वर उभं केलं होतं आणि कंपनीचा टी-शर्ट दिला होता. एवढंच त्याचं शिक्षण.

मग प्रश्न पडला की खरं शिक्षण असतं तरी काय? ज्याच्या हाती आपण गुडघे, कंबर आणि कधीकधी हृदयही सोपवतो, त्या माणसाला नेमकं काय यायला हवं? म्हणून या वर्गात बसायची परवानगी मागितली. चार महिने, रविवार ते रविवार.

'फंक्शनल' या शब्दाचं आधी बघू, कारण त्याचा पार चोथा झालाय. भिंतीला दोन जाड दोरखंड बांधले, कोपऱ्यात ट्रकचा टायर टाकला आणि हिरवं कृत्रिम गवत अंथरलं की बोर्ड लागतो, 'फंक्शनल झोन'. ग्रेग ग्लासमननं २००० साली कॅलिफोर्नियात क्रॉसफिट उभं केलं, तेव्हापासून या शब्दाला झळाळी आली. २०१७ मध्ये हॅम्बुर्गला सुरू झालेली हायरॉक्स स्पर्धा आठ वेळा एकेक किलोमीटर पळवते आणि दोन धावांमध्ये वजनाची घसरगाडी ढकलायला, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन लंज घालत चालायला लावते. २०२५ च्या मे महिन्यात ती मुंबईतही झाली. हे सगळं जोमदार आहे, बघायला मजाही येते. पण शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे. ज्या कामासाठी शरीर लागतं, त्या कामासाठी ते तयार करायचं. लोकलच्या रॅकवर बॅग टाकणं, नातवाला कडेवर घेणं, सिलिंडर सरकवणं, पाटावरून उठणं. बायसेप्स हे फंक्शन नाही. सिलिंडर सरकवायला ते लागतात, एवढंच.

सरांनी फळ्यावर आठ शब्द लिहिले: बसणं, कमरेतून झुकणं, ढकलणं, ओढणं, एक पाय पुढे टाकून खाली जाणं, वळणं, वाहून नेणं, चालणं. "बाकी सगळे व्यायाम म्हणजे यांचीच पिल्लं," ते म्हणाले. इंग्रजी पुस्तकात 'हिंज' म्हणतात त्याला सर 'बिजागरी' म्हणत. गुडघे जवळजवळ जागच्या जागी ठेवून ढुंगण मागे न्यायचं, धड एका तुकड्यात पुढे झुकवायचं. दोन्ही हातांत पिशव्या असताना आपण दार मागे रेटून बंद करतो ना, तसं. ही उपमा सांगताच मागच्या बाकावरच्या, बारामतीकडच्या एका मुलाचा चेहरा उजळला. तो तीन आठवडे 'हिप हिंज' पाठ करत होता. या धंद्यातली पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत आणि शिकायला येणारी निम्मी पोरं मराठी शाळेतली. अंगात येत असलेली गोष्ट भाषेमुळे अडते, हे मी दर रविवारी पाहत होतो.

बादलीचं गणितही फळ्यावर आलं. २० किलोचं ओझं कमरेच्या मणक्यापासून २० सेंटीमीटरवर धरलं तर मणक्यावर जेवढा पीळ पडतो, त्याच्या अडीचपट पीळ तेच ओझं ५० सेंटीमीटरवर धरल्यावर पडतो. ओझं तेवढंच, अंतर वाढलं. तरफेचा हा नियम शाळेच्या विज्ञानात असतो, पण कुणी तो स्वतःच्या कमरेला लावून बघत नाही. "डबेवाल्याला विचारा," सर म्हणाले. "तो डब्यांची पाटी डोक्यावर घेतो, पुढे हातात धरत नाही."

आणि 'गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही' हा जिमचा पाठ झालेला मंत्र? २००३ साली फ्राय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सात सवयीच्या माणसांना बार खांद्यावर देऊन बैठका मारायला लावल्या, एकदा मोकळ्या आणि एकदा नडगीपुढे लाकडी फळी उभी करून. फळीमुळे गुडघ्यावरचा पीळ १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आला. तेवढ्यावर खूश होणाऱ्यानं दुसरा आकडा पाहावा: खुब्यावरचा पीळ २८ वरून ३०३ वर गेला. गुडघा वाचवायच्या नादात भार कंबरेकडे ढकलला. ज्या मातीत लोक उकिडवे बसून भाकऱ्या थापत आले, तिथल्या ट्रेनरनं गुडघा पुढे गेला म्हणून घाबरावं हे मला गमतीचंच वाटतं. पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला काही काळ कमी खोल बसवावं लागतं, हेही तितकंच खरं. नियम पाठ करणाऱ्याला यातली एकच बाजू दिसते.

आपल्याकडे हे सगळं नव्यानं आलं, असं समजायचं कारण नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांच्यामुळे मल्लखांबाला नवं आयुष्य मिळालं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. बडोद्यात आबासाहेब मुजुमदारांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. जोर, बैठका, मुद्गल, करेला, लाठी, कुस्ती, आसनं, सगळं तपशिलानं, आकृत्यांसह. मराठीत व्यायामावर एवढं थोरलं काम पुन्हा झालं नाही. करेला फिरवताना खांदा तिन्ही दिशांना फिरतो, पंजाची पकड टिकते, कंबर डगमगू द्यायची नसते. आजच्या भाषेत हाच 'मल्टिप्लेनर' व्यायाम, पाच हजारांच्या केटलबेलशिवाय.

पण तालमीचं कौतुक करताना माझा हात थोडा आखडतो. वस्तादाजवळ एक फार मोठी गोष्ट होती, नजर. पोरगा कोणाचा, घरी म्हैस आहे का, खुराक किती, काल दमला होता का, हे वस्तादाला माहीत असायचं. आज किती मेहनत द्यायची ते तो त्यावरून ठरवायचा. पण त्याच्यासमोर यायचे ते सोळा-अठरा वर्षांचे निरोगी मुलगे. लाल मातीत बायका येत नव्हत्या. रक्तदाबाची गोळी घेणारा बासष्टचा निवृत्त कारकून येत नव्हता, बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी पोट सुटलेली बाई येत नव्हती. आजच्या ट्रेनरकडे नेमकी हीच माणसं येतात. नजर वस्तादाची हवी, पण जे बघायचं ते त्याच्या काळात समोर आलंच नव्हतं.

या माणसांचं पहिलं वैशिष्ट्य आकड्यांत सांगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह आढळला. म्हणजे वीस जणांची बॅच घेतली तर सरासरी सात जणांचा रक्तदाब चढा, दोघांना साखर. त्यातल्या कित्येकांना ते ठाऊकही नसतं. हे सांगून सरांनी कॅनडातला एक प्रयोग सांगितला, तेव्हा वर्ग गप्प झाला. मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पाच कसलेल्या बॉडीबिल्डर्सच्या दंडाच्या धमनीत नळी घालून, ते जड लेग प्रेस मारत असताना रक्तदाब मोजला. सरासरी ३२०/२५०. एकाचा तर ४८०/३५० च्याही वर. निरोगी, तरुण माणसांचा, काही सेकंदांसाठी. श्वास कोंडून जोर लावला की असं होतं. थोरामोठ्यांनी 'जोर मारताना श्वास कोंडू नको' असं जे सांगितलं, त्याचं हे मोजमाप. भारी वजनाला सरावलेला माणूस क्षणभर श्वास धरून पाठीला आधार देतो, तेही शास्त्र आहे. पण गोळी चुकवून आलेल्या काकांना पहिल्या दिवशी 'श्वास धरा आणि उचला' सांगणारा ट्रेनर मला तरी नको.

म्हणून प्रमाणपत्राच्या कुठल्याही गंभीर अभ्यासक्रमाची सुरुवात वजनापासून होत नाही, फॉर्मपासून होते. छातीत दुखतं का, चक्कर येते का, औषधं कोणती, ऑपरेशन झालंय का, गरोदर आहात का. प्रश्नावली जुनी आहे, पान दीड पानाची. वर्गातल्या मुलांना ती कंटाळवाणी वाटायची. मग एका रविवारी सरांनी उदाहरण दिलं. एक काका आले, वय ६०. '२२० वजा वय' या सूत्रानं त्यांची कमाल नाडी १६०. ट्रेनर ट्रेडमिलवर पळवतोय, घड्याळात ११० च्या वर आकडा जाईना. ट्रेनर म्हणतो, 'काका, तुम्ही अजून गरमच झाला नाहीत, वेग वाढवू.' काका मेटोप्रोलोल घेतात. ती गोळी नाडी चढू देत नाही. काकांचा जीव घशाशी आलाय आणि घड्याळ म्हणतंय, आरामात आहे.

यावर उपाय कुठलंही महागडं यंत्र नाही. स्वीडनच्या गुन्नर बोर्गनं ६ ते २० अशी एक पट्टी तयार केली. माणसाला विचारायचं, किती जड वाटतंय? ६ म्हणजे निवांत, २० म्हणजे आता मेलोच. आकडे विचित्र वाटतात, पण दहानं गुणलं की तरुण माणसाच्या नाडीच्या जवळपास जातात, म्हणून ते तसे घेतले. त्याहून सोपी चाचणी बोलण्याची: चालताना सलग वाक्यं बोलता येतात का? येत असतील तर झेपतंय. दोन शब्दांवर धाप लागली तर कमी करा. या चाचणीला ट्रेनरचे कान लागतात आणि कानात इअरफोन नसावेत.

आता मात्रा. या धंद्याचं सारं ज्ञान मला एका जागी बांधून द्यायला सांगितलं, तर मी थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरकडे बोट दाखवीन. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शिकागोच्या गार्डिनर इस्पितळात जायबंदी सैनिकांच्या रांगा लागल्या होत्या. गुडघ्याची ऑपरेशनं झालेली, मांड्या वाळलेल्या. तेव्हाची पद्धत हलक्या हातानं, पुष्कळदा, दम न लागता हालचाल करवण्याची. पलंग रिकामे होत नव्हते. डीलॉर्म स्वतः पोरवयात संधिवाती तापातून उठल्यावर वजनं उचलून धडधाकट झालेला. त्यानं सैनिकांच्या पायात लोखंडी बूट अडकवले आणि वजन वाढवत नेलं. १९४५ साली त्यानं त्याबद्दल लिहिलं, तेव्हा पद्धतीचं नाव होतं 'जड प्रतिकाराचे व्यायाम', आणि सेट होते सात ते दहा. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, वॉटकिन्सबरोबर त्यानं सुधारित पद्धत मांडली. सेट तीनच. आणि नाव बदललं: 'जड'च्या जागी 'चढत्या प्रतिकाराचे व्यायाम'.

सर यावर अर्धा तास रेंगाळले आणि मला ते आवडलं. जो माणूस 'जड'साठी उभा राहिला, त्यानंच तीन वर्षांत निम्म्याहून जास्त सेट कापले. त्याची रीत अशी: जे वजन माणूस बरोबर दहा वेळा उचलू शकतो, अकराव्यांदा नाही, ते शोधायचं. समजा २० किलो. पहिले दहा १० किलोनं, दुसरे दहा १५ नं, तिसरे दहा २० नं. अकरावं जमू लागलं की २० वरून थोडं पुढे. आज जगातल्या प्रत्येक जिममध्ये 'तीन सेट, दहा रेप्स' म्हणतात. त्या तीन आणि दहाच्या मागे लंगडणारे सैनिक आहेत, हे किती ट्रेनरना माहीत असेल?

"जड करणं कुणालाही येतं," सर म्हणाले. "प्लेट चढवायला काय लागतं? उतरवता आली पाहिजे."

जिमच्या दारावर 'वजन कमी करा' लिहिलेलं असतं. ते ट्रेनरला उद्देशून लिहावं, असं मला तेव्हापासून वाटतं.

अंग दुखण्याबद्दल बाजारात मोठा गोंधळ आहे. 'दुखलं म्हणजे लागलं' असं म्हणणारं गिऱ्हाईक आणि ते ऐकून खूश होणारा ट्रेनर, दोघं एकमेकांना भेटले की तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. हे दुखणं लॅक्टिक ॲसिडचं नव्हे. ते तर व्यायाम थांबल्यावर तासाभरात निवळतं. नव्या हालचालीत, विशेषतः वजन सावकाश खाली आणताना, स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. दुखणं चोवीस तासांनी चढतं आणि बहात्तर तासांपर्यंत राहतं. तेवढं चालतं. पण नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी शेकड्यानं बैठका मारायला लावल्या, अंग टम्म सुजलं, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर ते दुखणं नव्हे. स्नायू फुटून त्यातला प्रथिनाचा गाळ मूत्रपिंडात चाललाय. ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला. लिंबू-पाणी, बर्फ काही नको, थेट इस्पितळ. वर्गातल्या एकवीसपैकी हा शब्द फक्त त्या फिजिओवाल्या मुलीला माहीत होता.

ऊर्जा कुठून येते तो भाग, म्हणजे पहिल्या दहा सेकंदांचं इंधन वेगळं, दोन मिनिटांपर्यंतचं वेगळं, पुढचं वेगळं, हे परीक्षेला हमखास येतं आणि पाठ करून जमतंही. त्यात मी वाचकाला अडकवत नाही.

एक रविवार फक्त हृदय बंद पडल्यावर काय करायचं यासाठी होता. प्लॅस्टिकचा धडाचा पुतळा. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि एकानं १०८ ला फोन करायचा. (महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे.) १४० किलोची डेडलिफ्ट मारणारा मुलगा दीड मिनिटात घामाघूम झाला. "दोन मिनिटांनी माणूस बदला," सर सांगत होते. "आणि तुमच्या जिममध्ये शॉक देणारं यंत्र कुठे टांगलंय?" एकानंही हात वर केला नाही. एकाच्याही जिममध्ये ते नव्हतं.

प्रमाणपत्रांबद्दल. भारतात डॉक्टर किंवा वकिलासारखा परवाना घेतल्याशिवाय ट्रेनर होता येत नाही, असा काही प्रकार नाही. कुणीही होऊ शकतं. कौशल्य विकासाच्या चौकटीत क्रीडा-फिटनेस क्षेत्राची स्वतंत्र कौन्सिल आहे, 'फिटनेस ट्रेनर' ही तिथली मान्य भूमिका आहे. शारीरिक शिक्षणाची बी.पी.एड., एम.पी.एड. देणारी जुनी महाविद्यालयं आहेत, पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं आगाशे कॉलेज त्यातलं. मग खासगी अकादम्या. आणि त्यांच्या वर अमेरिकन संस्थांचं वजन: एसीई, एनएएसएम, एनएससीए. एसीईच्या परीक्षेत तीन तासांत १५० प्रश्न असतात, वय १८ पूर्ण लागतं, हृदय-पुनरुज्जीवनाचं प्रमाणपत्र आधी लागतं, आणि दर दोन वर्षांनी २० तासांचं पुढचं शिक्षण दाखवलं नाही तर कागद रद्द. एनएससीएच्या सीएससीएस प्रमाणपत्राला पदवीच हवी. क्रॉसफिटची पहिली पायरी दोन दिवसांची.

दोन दिवस वर्गात बसल्याचा कागद आणि स्वतंत्र परीक्षा देऊन मिळालेला कागद, दोघांनाही गिऱ्हाईक 'सर्टिफिकेट'च म्हणतं. भिंतीवर दोघांची चौकट सारखीच सोनेरी असते. पहिल्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. दोन दिवसांत चांगला गुरू नजरेला वळण लावू शकतो. पण तो सुरुवातीचा कागद आहे, ट्रेनरनं तो शेवटचा समजू नये. आणि ज्याची तारीख उलटली तो कागदही भिंतीवर राहतोच, हे लक्षात ठेवा.

ट्रेनरनं काय करू नये हा धडा मला सर्वांत मोलाचा वाटला आणि वर्गात त्याच धड्याला सर्वांत जास्त चुळबुळ झाली. निदान करायचं नाही. औषध थांबवायला सांगायचं नाही. मधुमेहाचा डाएट चार्ट लिहायचा नाही. इंजेक्शनच्या वाटेला तर जायचंच नाही. "पण सर, क्लायंट विचारतो," एक जण म्हणाला. प्रामाणिक तक्रार होती. पगार तुटपुंजा, पावडरचा डबा विकला की कमिशन. 'मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारा' म्हणणारा ट्रेनर अडाणी दिसतो आणि बिनधास्त सांगणारा हुशार. आयसीएमआरच्या हिशेबानं ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, मेहनत करणाऱ्याला थोडी जास्त. डाळ, दूध, अंडी, मटकी यांवर बोलायला कुणाची ना नाही. त्यापुढे हात जोडावेत.

चौथ्या महिन्याच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा झाली. लेखी पेपर वेगळा झाला होता. सरांनी ओळखीतल्या, खऱ्या, वेगवेगळ्या वयांच्या माणसांना बोलावलं होतं. त्या बादलीवाल्या मुलासमोर त्रेसष्ट वर्षांच्या एक काकू आल्या. साडी, पायात पट्ट्याच्या चपला. तक्रार एकच: सत्यनारायणाला पाटावर बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही.

रिओमध्ये आरौजो नावाच्या डॉक्टरनं ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना जमिनीवर बसायला आणि उठायला लावलं होतं. हात, गुडघा टेकला की एकेक गुण कापायचा, दहापैकी. २०१२ साली निष्कर्ष आले. तीनपर्यंत गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण आठ किंवा जास्त गुणवाल्यांच्या पाचपटींहून अधिक निघालं. उठायला शिकलं की आयुष्य वाढतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण पाटावरून उठणं ही किरकोळ गोष्ट नव्हे, एवढं कळतं.

मुलगा काकूंसमोर खाली मांडी घालून बसला आणि दहा मिनिटं नुसता विचारत राहिला. रक्तदाबाची गोळी? आज घेतली? उजवा गुडघा की डावा? जिना चढताना की उतरताना? कधी पडलात का? काकू मोकळ्या झाल्या, सुनेबद्दलही दोन वाक्यं आली. मग त्यानं खुर्ची आणली. तीस सेकंदांत, हात छातीवर बांधून, किती वेळा उठता येतं ते मोजलं: नऊ. शेवटच्या दोन वेळा काकू पुढे झोकांडत होत्या. त्यानं खुर्चीवर उशी ठेवली, बसायची जागा चार बोटं वर आली. "आता, काकू. नाक पायाच्या अंगठ्यावर येऊ द्या, मग उठा. उठताना श्वास सोडा." त्या सहज उठल्या. स्वतःच हसल्या.

त्याच्या कागदावरची योजना मी नंतर पाहिली. पहिले दोन आठवडे उशीची खुर्ची. मग नुसती खुर्ची. मग स्टूल. मग तीन पाट एकावर एक, मग दोन, मग एक. तीन सेट, आठ ते दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. वजन कुठेच नव्हतं. बैठक उतरत होती. डीलॉर्म लोखंडी बुटानं करत होता ते या मुलानं पाटानं केलं. सरांनी त्याला किती गुण दिले ते मला कळलं नाही.

पण मी त्याचा पत्ता घेतला. पहिल्या दिवशी मी सवयीनं बारकडे गेलो. रिकामा ऑलिंपिक बारही २० किलोचा असतो. त्यानं तो बाजूला सारला आणि माझ्या पाठीवर एक काठी उभी धरली. डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांची मधली जागा आणि माकडहाडाच्या वरचा भाग, तिन्हीकडे ती टेकलेली राहायला हवी, झुकतानाही. तीन आठवडे नुसती काठी. मला कंटाळा आला, मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "सर, माझीपण डिस्क सरकलेली आहे."

आता मी १६ किलोची केटलबेल दहा वेळा जमिनीवरून उचलतो. सात महिने लागले.